घागरीवरचं पान

ऑइलपेंटचा वास मला सहन होत नाही. चित्रकला शिकवून पोट भरलेल्या बाईनं हे बोलू नये, पण निवृत्त झाल्यावर आता कुणाची भीड बाळगायची? नांदेडात आमच्या सोसायटीत दिवाळीच्या तोंडावर कुणी ना कुणी दाराला, ग्रिलला रंग देतं, आणि मी खिडक्या लावून घरात बसते. शेजारणीला वाटतं मॅडमना दमा आहे. दमा-बिमा काही नाही. शिसारी आहे, आणि ती मी आठवीत असल्यापासूनची आहे. मुलांना मी आयुष्यभर पोस्टर कलर दिला, खडू दिले, गेरू दिला, कोळसा दिला. ऑइलपेंटचा डबा मात्र माझ्या वर्गाच्या कपाटात कधी ठेवू दिला नाही, आणि का, ते कुणी विचारलंही नाही.

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यापासून आत, कंधारकडं एसटी वळते त्या अंगाला. जिल्हा तेव्हा नुकताच नवा झाला होता. शाळेच्या, चावडीच्या, दवाखान्याच्या पाट्यांवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ निळ्या रंगानं झाकून वर पांढऱ्यानं ‘जिल्हा लातूर’ लिहिलं होतं, आणि रंग पातळ असल्यामुळं उन्हात खालची जुनी अक्षरं पुन्हा डोकं वर काढायची. माणसं उगाच छाती फुगवून बोलायची, आता आपलं साहेब जवळ आलं म्हणून. साहेब जवळ आले असतील, पाणी काही जवळ आलं नाही. दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावातले आड तळाशी चिखल दाखवत होते, आणि तो चिखलही माणसं खरवडून नेत होती.

घरात मी, अप्पा आणि अव्वा, म्हणजे माझे वडील आणि आई. अप्पांचं किराणा दुकान, वर ते पंचायतीत मेंबर. कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. घरात पाण्याचा दुष्काळ होता, पण अप्पांच्या पूजेचा तांब्या कधी अर्धा झाला नाही. अव्वा भांडी राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसून ठेवायची. जेवायला पळसाच्या पत्रावळी. सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा उपमा, करायचा तर मुरमुरे भिजवायला पाणी नको म्हणून ती नुसते ताकाच्या हातानं चोळायची, आणि ते दाताखाली चामड्यासारखे लागायचे. रोज येसराची पातळ आमटी आणि भाकरी, भाकरी आणि येसर. आंघोळ परातीत बसून करायची, त्या पाण्यात कपडे खळबळायचे, आणि तेच पाणी म्हशीपुढं ठेवायचं. म्हैस वास घेऊन तोंड फिरवायची. म्हशीला जी चव होती ती आम्हाला ठेवून चालत नव्हती.

टँकर एक दिवसाआड यायचा आणि चावडीपुढच्या हौदात रिता व्हायचा. त्या पाण्याला डिझेलचा वास असे, वर इंद्रधनुष्यी तवंग. अव्वा फडक्याच्या चार घड्या करून गाळायची, आणि फडकं उलटं केलं की त्यावर बारीक तांबडे किडे वळवळायचे. ते झटकून पुन्हा तेच फडकं. आजही कुणी मला फडक्यानं गाळलेलं सरबत दिलं तर मी ग्लास हातात धरून बसते आणि जाताना टेबलावर तसाच ठेवते.

हौदावर पंचायतीचे गफूरचाचा रबरी पाईप घेऊन बसायचे. गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर पहाटेच निघून जात, त्यामुळं रांगेत माणसं नसत, घागरी असत. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या घागरी, सगळ्या एकाच बाजारातल्या, एकाच घाटाच्या. ज्यानं आधी ठेवली त्याचा आधी नंबर. चाचा पाईप एका तोंडातून काढून दुसऱ्या तोंडात घालायचे आणि म्हणायचे, “अगली.” एकदा अव्वानं त्यांना विचारलं होतं, ही पुढची कुणाची हो? चाचा म्हणाले, “मैं घागर का मुँह देखतूँ बीबी, मालिक का नै.”

या वाक्याची किंमत मला फार उशिरा कळली. त्याआधी गावात दोन पाणवठे होते, आमचा आड आणि बौद्धवस्तीचा आड. वस्तीतल्या बायका आमच्या आडाकडं फिरकत नसत, फिरकल्या तर दोन हात लांब उभ्या राहून कुणी पाणी वाढायची वाट बघत. ते दोन्ही आड आटले आणि टँकरनं सगळ्या घागरी एका रांगेत आणून ठेवल्या. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी भाषण केलं नव्हतं. वस्तीतल्या बायका सगळ्यात आधी कामावर जायच्या, म्हणून त्यांच्या घागरी पुष्कळदा पहिल्या असायच्या. सगळ्यांना ते माहीत होतं. पण कोणती घागर कुणाची हे सांगता येत नव्हतं, म्हणून सगळे गप्प होते. गावानं दोन-तीन महिने माणसासारखे काढले, तेही केवळ घागरी एकसारख्या होत्या म्हणून.

आम्हाला चित्रकलेला टाकळीकर सर होते, किनवटकडचे. अंगानं काडी, बोटं मात्र लांब आणि सरळ. कागद आणा असं त्यांनी कधी म्हटलं नाही. व्हरांड्याच्या फरशीवर विटेच्या तुकड्यानं रेघा ओढायला लावायचे. हात न टेकता, खांद्यातून. “मनगटानं ओढून राहिलीस तू, म्हणून थरथरते. खांदा हालव खांदा!” एक आठवडा नुसत्या उभ्या रेघा, एक आठवडा आडव्या, मग घागरीचं तोंड. ते लंबगोल आम्हाला काही केल्या जमेना, सगळ्यांचं दोन्ही टोकाला टोकदार व्हायचं. सर म्हणायचे, “घागरीला चोच असते का रे?” मग त्यांनी आम्हाला सरळ हौदावरच्या रांगेपाशी नेलं आणि म्हणाले, “घागर काढू नका. दोन घागरींच्या मधली जागा काढा.” आम्ही खो खो हसलो. जागा कशी काढायची? पण काढली, आणि घागर आपोआप पाटीवर उभी राहिली. पुढं तीस वर्षं मी आठवी-नववीच्या पोरांना हाच धडा दिला. त्या माणसाविषयी मला पुढं जे लिहायचं आहे ते लिहिताना हे आधी लिहून ठेवते, की शिकवावं तर त्यांनीच.

रंगाचा तास मात्र ओंगळ होता. बेचाळीस पोरांत पाण्याचा एक मग. पहिल्या चार कुंचल्यांतच त्याचं गटार व्हायचं, आणि मग पिवळा असो की लाल, सगळं शेणकट उतरायचं. माझ्या शेजारी सुजाता बसायची. बौद्धवस्तीतली, आई-बाप दोघं खडीवर. वर्गात सगळ्यात चांगला हात तिचा. तिचा लंबगोल पहिल्या दिवसापासून लंबगोल होता. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला सर तिला लातूरला नेणार होते, फी स्वतः भरणार होते. मला तिचा हेवा वाटायचा, आणि मैत्रीही होती. आठवीतल्या पोरींना दोन्ही एकदम जमतं.

हौदावर घागरींची अदलाबदल व्हायची. कुणाची नवी जायची, कुणाच्या पदरात पोचलेली पडायची, आणि मग शिव्या, झिंज्या ओढणं. एकदा अप्पाच शाळेत आले आणि सरांना म्हणाले, “मास्तर, लेकरांकडून घागरीवर खुणा काढून घ्या की. चित्रकला चित्रकला म्हंता, गावाच्या कामाला तर येऊ द्या.” सर खुलले. चित्रकलेच्या मास्तरला गावाच्या कामाला कोण बोलावतं? पाट्या रंगवून उरलेला निळा ऑइलपेंट पंचायतीत होताच. सरांनी फळ्यावर लिहिलं: खूण दुरून ओळखू आली पाहिजे, आणि दुसऱ्यासारखी दिसता कामा नये. आजही संकल्पचित्राची व्याख्या याहून नेटकी कुणी केलेली मी वाचली नाही.

पोरांनी फुलं, मोर, नावाची अक्षरं असा काला केला. दीडशे घरं, दीडशे चित्रं, दुरून सगळीच शेवाळ्यासारखी दिसत होती. तेव्हा मी हात वर केला. म्हणाले, “सर, एका गल्लीचा एकच आकार ठेवला तर? घर बदललं की नुसती आतली नक्षी बदलायची.”  सरांनी टाळी वाजवली, आणि वर्गाला वाजवायला लावली. “याला डिझाईन म्हंतात! बघा रे, ही वाण्याची पोरगी, हिच्या डोस्क्यात डिझाईन हाय!” ती टाळी मी कित्येक दिवस अंथरुणात पडल्या पडल्या आठवत होते. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं.

आमच्या गल्लीला बेलाचं पान मीच दिलं. शेतकऱ्यांच्या गल्लीला पेरणीची तिफण, मुसलमान गल्लीला चांद, अशा सात गल्ल्या, सात आकार. सुजातानं आपल्या वस्तीसाठी पिंपळाचं पान काढलं. ते पान काय वर्णावं! एका रेषेत देठापासून सुरू होऊन टोकाला बारीक होत जाणारं, आणि पुन्हा देठाशी येऊन मिळणारं, कुठं थरथर नाही. वस्तीतल्या पंचवीस घागरींवर तिनं ते एकटीनं उतरवलं, प्रत्येकीच्या शिरा वेगळ्या. तिची आई खडीवरून आली तेव्हा घागर फिरवून फिरवून बघत होती आणि म्हणत होती, “माझ्या लेकीनं काढलंय, बाई.” सुजाता लाजून माझ्या मागं लपली होती.

रंग वाळायला एक दिवस गेला. त्यानंतरच्या टँकरला अप्पा काठी घेऊन हौदावर उभे राहिले. त्यांनी कुणाला जातीवरून एक शब्द काढला नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण घाण तिथंच आहे. ते म्हणाले, “आता खुणा झाल्यात. नंबर गल्लीवार लावा. शिस्त पायजे.” आणि काठीच्या टोकानं, हात न लावता, त्यांनी पहिल्या नंबरवरच्या पिंपळपानाच्या घागरी एकेक करून ढकलत शेवटाला नेल्या. रिकामी जर्मनची घागर फरशीवरून ढकलली की कर्कश किरकिरते. पंचवीस घागरी किरकिरत गेल्या. बेलाच्या पानांना पहिला मान मिळाला. हौदातलं पाणी चांदापर्यंत कसंबसं पुरलं. पिंपळाच्या पानांपर्यंत पाईप पोचला तेव्हा त्यातून नुसती फुसफुस आली. गफूरचाचांनी पाईप गुंडाळला आणि खाली मान घालून बसले. त्या दिवशी त्यांनी ‘अगली’ म्हटलंच नाही.

त्याच आठवड्यात नव्या जिल्ह्याचे कुणी साहेब जीप घेऊन पाहणीला आले. गल्लीवार लावलेल्या घागरी, निळ्या खुणा, सगळं बघून म्हणाले, “वा! इतका शिस्तीचा गाव मी बघितला नाही.” अप्पांनी मला पुढं ढकललं. “कल्पना हिची, साहेब.” साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा आनंदच झाला. तो आठवला की आज माझा मलाच वीट येतो.

सुजाता शाळेत यायची बंद झाली. वस्तीतल्या पोरी दोन कोसावरच्या नाल्यात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायला जायला लागल्या होत्या. वाटी भरायला किती वेळ लागतो ते त्यांना विचारा. आठ-दहा दिवसांनी मी सरांकडं गेले. सर टेबलाशी बसून एलिमेंटरीचे फॉर्म भरत होते. मी म्हणाले, “सर, खुणांमुळं सुजाताच्या घरी पाणी जाईना.” सर फॉर्मवरून नजर न उचलता म्हणाले, “खूण दुरून ओळखू येते न?” मी म्हणाले, “येते.” “मंग आपलं काम झालं, बाई. कोण कुठली घागर कुठं ठेवतं ते आपल्या हाती न्हाई. मी परगावचा माणूस. इथं नोकरी करून राहिलो मी.” दोन घागरींमधली जागा बघायला ज्यानं मला शिकवलं तोच माणूस. मी तिथून बाहेर आले. सुजाताचा फॉर्म कोरा होता, तेवढं मी बघितलं होतं.

नांदेडला मी शिकवायला लागले तेव्हा आठवीच्या अभ्यासक्रमात बोधचिन्हाचा घटक होता. मी तो शिकवायचे, पण फळ्यावर सरांच्या दोन ओळींखाली तिसरी लिहायचे: ओळखणारा कोण, आणि ओळखून तो काय करणार? पोरं वहीत उतरवून घेत. पालक येऊन विचारत, “मॅडम, हे परीक्षेला येतं का? ग्रेडचे मार्क वाढतील का?” नाही येत बाबांनो, कुठल्याच परीक्षेला येत नाही.

सरांकडून परतल्यावर मी माझ्या परीनं बंड केलं. दुकानातून बाटलीभर रॉकेल आणलं, आमच्या तीन घागरींपैकी एकीवरचं बेलपान घासून काढलं, आणि शाळेतल्या उरलेल्या निळ्या रंगानं तिथं पिंपळपान काढलं. सुजातासारखं नाही आलं, पण दुरून ओळखू येण्याइतकं आलं. मला वाटलं, आता बघू. आता अप्पा कुठली घागर ढकलतात ते बघू. टँकरच्या दिवशी ती घागर मी आमच्या गल्लीच्या ओळीत, दोन बेलपानांच्या मागं ठेवून दिली. अप्पा दुकानात होते. गफूरचाचांनी पान बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिन्ही घागरी काठोकाठ भरल्या.

अव्वा न्यायला आली. दोन घागरी तिनं घरी नेऊन ठेवल्या, आणि तिसरीला हात घालायला वाकली तशी थबकली. गल्लीतल्या बायका जवळ आल्या होत्या. एक म्हणाली, “अगं बाई, ही त्यांच्यातली हितं कशी आली? भरली बी!” मी पुढं झाले. “अव्वा, आपलीच हाय. पान म्या काढलंय.” अव्वा माझ्या कानाशी आली, आणि अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाली, “मला माझी घागर कळत न्हाई व्हय? बुडाला पोचा हाय की. पण समदी गल्ली बघून राहिली, महादेवी. तोंड मिट.” आणि पायानं तिनं ती घागर कलती केली. भर दुष्काळात, चावडीपुढच्या धुळीत, काठोकाठ भरलेली घागर. पाणी भसाभसा गेलं, क्षणभर फेस दिसला आणि मग नुसती काळी ओल राहिली. बायका ‘चांगलं केलंस’ म्हणाल्या. ओळीच्या शेवटी पिंपळपानाच्या रिकाम्या घागरींपाशी सुजाता उभी होती. ती सगळं बघत होती.

संध्याकाळी अप्पांनी दुकानातून नवी घागर काढून दिली. रागावले नाहीत, मारलं नाही. म्हणाले, “बेलाचं पान काढ.” मी काढलं. हात थरथरला नाही, खांद्यातून रेघ आली. स्वतःची एवढी किळस मला पुन्हा कधी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाल्याच्या वाटेवर सुजाताला गाठलं. ती कमरेवर घागर घेऊन निघाली होती. घागरीवरचं पान तिनं खापरीनं खरवडून काढलेलं होतं, पत्रा पांढरा पडला होता. मला वाटलं होतं, ती माझा हात धरेल, म्हणेल, तू आमच्यासाठी केलंस. मी म्हणाले, “सुजे, म्या आमच्या घागरीवर तुमचं पान काढलं होतं गं.”

“बघितलं की म्या,” ती म्हणाली. “कामून काढलीस?”

“तुमच्या बाजूनं म्हणून.”

तिनं घागर खाली ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. “घागरभर पाणी मातीत गेलं, आमच्या पानापायी. माझा धाकटा भाऊ तापानं फणफणलाय, त्याच्या कपाळावर पट्टी ठेवायला पाणी न्हाई. चित्र कशाला काढलीस? पाणी देली असतीस तर?”

घागर उचलून ती चालायला लागली.  आमच्या घरी त्या वेळी दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या. त्यातली एक उचलून तिच्या दारात नेऊन ठेवावी, हे मला सुचलंच नव्हतं.